तप्त रुप्याचा थर

१८५९ साली अलेक्झांडर बुतलेरोव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती जो पदार्थ लागला, परंतु ज्याचे खरे स्वरूप त्यास उमगले नाही, त्याची निःसंदिग्ध ओळख पटविण्याचा मान आउगुस्ट विल्हेल्म हॉफमन याजकडे जातो. १८६७ साली बर्लिनमध्ये त्याने मिथेनॉलची वाफ हवेत मिसळून तप्त प्लॅटिनमच्या तारेवरून सोडली. तार रक्तवर्ण झाली, आणि नाकास झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा जो वायू निघाला तेच फॉर्माल्डिहाइड.

प्लॅटिनम कारखानदारीस परवडणारे नव्हते. म्हणून प्रथम तांबे व विसाव्या शतकाच्या आरंभी रुपे उत्प्रेरक म्हणून कामास आले. सुमारे सहाशे अंशांवर वा त्याहून अधिक तापलेल्या रुप्याच्या स्फटिकांचा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरांचा थर वाफेने क्षणार्धात ओलांडला, की ती तत्काळ थंड करावी लागते, अन्यथा हाती आलेले फॉर्माल्डिहाइड विघटित होऊन वाया जाते. माझ्या मते या धंद्याचे खरे कसब त्या शीतकरणातच आहे. फॉर्माल्डिहाइडपासून बनणाऱ्या लिओ बेकलंडच्या बॅकेलाइट या प्लास्टिकमुळे मागणी अफाट वाढली, तरी कच्चा माल, म्हणजे मिथेनॉल, लाकडाच्या ऊर्ध्वपातनावरच अवलंबून होता. १९२३ मध्ये जर्मनीतील लॉयना येथे कृत्रिम मिथेनॉल निघू लागले, तेव्हा कुठे ही अडचण सरली. पुढे १९३१ मध्ये लोह व मॉलिब्डेनम यांच्या ऑक्साइडांचा उत्प्रेरक पुढे आला, जो बऱ्याच कमी तपमानावर आणि विपुल हवेत काम करतो.

रुपे मात्र त्यामुळे बरखास्त झाले नाही; दोन्ही पद्धती आजही चालू आहेत.