झळाळी मायक्रॉनच्या हिशेबाची

१९६४च्या मॉडेलवर्षात पॉन्टियाक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या ‘टेम्पेस्ट’ मोटारीत ३८९ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली. अमेरिकेतील ‘मसल कार’ युगाचा प्रारंभ सर्वसाधारणपणे तेथूनच मानला जातो. शेव्हरोलेची ‘शेव्हेल एसएस’, डॉजची ‘चार्जर’, प्लिमथची ‘रोड रनर’ अशी दांडग्या शक्तीच्या मोटारींची मालिकाच पुढे अवतरली. प्रदूषणाचे कडक नियम, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ची तेलटंचाई यांमुळे हे युग दहा वर्षांच्या आतच ओसरले. त्या मोटारींवरील लोभ मात्र ओसरला नाही. गंजलेला पत्रा कापून, इंजिन उघडून त्या पुन्हा नव्यासारख्या उभ्या करण्याचा मोठा व्यवसाय आज अमेरिकेत चालतो. या खटाटोपातील शेवटची आणि सर्वांत जोखमीची पायरी म्हणजे रंगाची दुरुस्ती व पॉलिश. महिनोन्महिन्यांच्या श्रमांवर येथे काही सेकंदांत पाणी पडू शकते.

रंगदुरुस्ती म्हणजे काय?

रंगदुरुस्ती म्हणजे नवा रंग चढवणे नव्हे. असलेल्या रंगाचा वरचा अगदी पातळ थर घासून काढून पृष्ठभाग सपाट करणे, हा तिचा खरा अर्थ. रंगात ओरखडा दिसतो तो त्याच्या कडांवरून प्रकाश विखुरतो म्हणून. ओरखडा ‘भरून’ येत नाही. त्याच्या तळापर्यंतचा आसपासचा रंग उतरवला तरच तो नाहीसा होतो. प्रत्येक पॉलिश म्हणजे रंगाच्या शिलकीतून केलेला खर्च, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

ही शिल्लक फार मोठी नसते. आधुनिक मोटारीवर कारखान्यात दिलेल्या रंगाची एकूण जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यातील सर्वांत वरचा पारदर्शक थर, ‘क्लिअर कोट’, ४० ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. तो वाजवीपेक्षा पातळ झाला की काही वर्षांत पांढुरका पडून सोलवटू लागतो.

जुना रंग, नवा रंग

मसल कारच्या काळात हा पारदर्शक थर कारखान्यांत वापरात नव्हता. जनरल मोटर्स अ‍ॅक्रिलिक लॅकर वापरत असे, तर फोर्ड आणि क्रायसलर भट्टीत भाजलेल्या इनॅमलवर भर देत. लॅकरची परंपरा त्याहून जुनी. ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी १९२३च्या सुमारास आणलेल्या ‘ड्युको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे, वाळायला आठवडे घेणाऱ्या रंगाचे काम तासांवर आले. आपल्याकडे सुतार आणि रंगारी फर्निचरच्या रंगाला आजही ‘ड्युको’ म्हणतात, तो शब्द याच व्यापारी नावातून आला आहे.

लॅकर उष्णतेने मऊ होतो. जनरल मोटर्सच्या कारखान्यांत त्याचा उपयोग करून घेतला जाई. रंग अर्धवट भाजायचा, दोष घासून काढायचे आणि पुन्हा भाजून घासल्याच्या खुणा वितळवायच्या, अशी ती रीत होती. हाच गुण पॉलिश करताना मात्र घातक ठरतो. यंत्र एका जागी रेंगाळले की रंग तापून ओढला जातो.

म्हणून कामाआधी मोटारीवर कोणता रंग आहे हे ओळखावे लागते. न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासावे. फडक्यावर मोटारीचाच रंग उतरला तर तो एकथरी रंग. फडके पांढरेच राहिले तर वर पारदर्शक थर असण्याची शक्यता अधिक. जुन्या एकथरी ‘मेटॅलिक’ रंगाच्या बाबतीत तर जास्तच सावधगिरी हवी. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण थेट पृष्ठभागालगत असतात आणि ते घासले गेले की छटा डागाळते. हल्ली पुनर्बांधणीत बहुधा युरेथेनचा रंग आणि त्यावर पारदर्शक थर देतात. तो अधिक टिकाऊ असतो व घासण्यास थोडी अधिक मुभा देतो.

ओरखडे गोल का दिसतात?

उन्हात किंवा दिव्याखाली गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. वस्तुतः हे ओरखडे गोल नसतात. धुताना धुळीचे कण फडक्याखाली घासले जाऊन सर्व दिशांना बारीक रेघा पडतात. पण प्रकाशाच्या दिशेला आडव्या असलेल्या रेघाच तेवढ्या चमकतात. त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळाचा भास होतो. नव्याने रंगवलेल्या मोटारीवर दोष वेगळे असतात. रंगाचे थेंब पुरेसे पसरण्याआधीच घट्ट झाले की संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो. याशिवाय रंगाचे ओघळ, अडकलेली धूळ आणि रंगातील द्रावक सावकाश उडून गेल्यावर खालच्या घासकामाच्या उमटणाऱ्या खुणा.

कामाची क्रमवारी

प्रथम गाडी धुऊन, पृष्ठभागाला चिकटलेले लोखंडाचे कण व डांबर ‘क्ले बार’ या लवचीक मातीने काढले जाते. मग जाडीमापकाने प्रत्येक भागाची नोंद होते. पोलादी पत्र्यावर हे साधे उपकरण चालते. ‘कॉर्व्हेट’सारख्या फायबरग्लासच्या गाडीला ध्वनिलहरींवर चालणारे मापक लागते. एखाद्या भागावर आकडा अवाजवी मोठा आला, तर खाली लांबी भरलेली असण्याचा संभव असतो. त्यामुळे एकूण जाडी भरपूर दिसली तरी वरचा थर जाड आहे, असे समजून चालत नाही.

बोनेट, दारे यांच्या उठावदार कडांवर चिकटपट्टी लावतात. फवारताना कडेवरून रंग ओघळत असल्याने तेथे थर सर्वांत पातळ असतो, आणि यंत्राचा सर्व दाब तेथेच एकवटतो. त्यानंतर एका लहान चौकोनात चाचणी होते. सौम्य पॉलिश आणि मऊ फोमने काम भागले तर पुढे जायचे नाही, हा या व्यवसायातील पहिला नियम.

संत्रासालीसाठी मात्र पाण्यासह पॉलिश पेपर वापरावा लागतो. आधी १५०० क्रमांकाचा, मग २००० आणि ३००० क्रमांकाचा. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या रेघा मिटवतो. पुढे लोकरीच्या बफने कंपाउंड आणि शेवटी फोमने बारीक पॉलिश. एका अक्षावर फिरणारे ‘रोटरी’ यंत्र वेगाने घासते, पण उष्णता व धूसर पट्टे मागे ठेवते. डगमगत फिरणारे ‘ड्युअल अ‍ॅक्शन’ यंत्र सावकाश, तरी सुरक्षित. पॉलिशमधील तेल बारीक रेघा तात्पुरत्या झाकते, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनच काम तपासतात.

मेण सर्वांत शेवटी. ब्राझीलमधील कार्नोबा ताडाच्या पानांवरील मेण आजही लोकप्रिय आहे. ताज्या रंगावर ते लगेच लावू नये. द्रावके पूर्ण उडून जाण्यासाठी रंग-उत्पादक बहुधा ३० ते ९० दिवस थांबण्यास सांगतात. जुन्या लॅकरला पडलेल्या आरपार भेगा मात्र कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. जुन्या पिवळ्या, नारिंगी रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. ते कोरडे घासणे टाळावे आणि मुखवटा अवश्य वापरावा.

किती चकचकीत?

खरा वाद येथे सुरू होतो. १९६०च्या दशकातील कारखान्यांतून गाड्या आरशासारख्या बाहेर पडत नसत. संत्रासाल, दारांच्या आतील बाजूस अपुरा फवारा, क्वचित ओघळही असे. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का, हे पाहिले जाते. अतिरेकी झळाळी तेथे गुण ठरत नाही. प्रदर्शनात मिरवणारे मालक मात्र काचेसारखा पृष्ठभाग मागतात.

नव्याने रंगवलेल्या गाडीपुरता हा आवडीचा प्रश्न आहे. मूळ रंग अंगावर असलेल्या गाडीची गोष्ट निराळी. तो रंग पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारागिरीचा पुरावा असतो. एकदा उतरला की कितीही खर्च केला तरी तो परत मिळत नाही. अशा गाडीवर चार ओरखडे राहू देणे आणि यंत्र वेळीच थांबवणे, हेच जाणत्या कारागिराचे लक्षण होय.