तांब्या, कळशी, हंडा

आमच्या घरात मुलांचं वय पाण्याच्या भांड्यावरून कळायचं. चार-पाच वर्षांच्या पोराच्या हाती तांब्या. आल्यागेल्याला पाणी द्यायचं, एवढंच त्याचं काम. सात-आठ वर्षांचं झालं की चरवी. दहा-बाराव्या वर्षी कळशी. डोक्यावर हंडा आणि हंड्यावर कळशी, हे मात्र मोठ्यांचं. कुणी कागदावर लिहून ठेवलं नव्हतं. घाईगर्दीत अम्मानं एखाद्या लहानग्याच्या हातात मोठं भांडं दिलंच, तर दादी ओट्यावरून ओरडायची, "इत्ता बोजा नक्को दे पोराकू!"

हल्ली पालकसभांमध्ये मुलांना वयानुसार घरकाम द्यावं, असं सांगतात. कितव्या वर्षी अंथरूण घडी करायला लावावं, कितव्या वर्षी भाजी चिरायला द्यावी, याचे तक्तेही मिळतात. चांगलंच आहे. पण ते ऐकलं की मला दादीचं ते ओरडणं आठवतं, आणि त्यामागोमाग दादीचं माप ज्या वर्षी मोडलं ते वर्ष आठवतं. आठवतं म्हणणं खोटं आहे. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. ऐकलेलं सांगतो.

ते १९७२ साल. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं आमचं गाव. अब्बा बांगड्यांचं पेटारं घेऊन गावोगाव फिरणारे मणियार. पण विहिरी आटल्या, गुरं छावणीला गेली, तिथं बांगड्या कोण भरणार? पेटारं आढ्याला टांगलं गेलं आणि अम्मा-अब्बा दोघंही खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले. पुढं १९७३ च्या मे महिन्यात तर राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. माणसं जगली ती त्या कामांमुळं, हे विसरून चालणार नाही. पण इतकी माणसं कामावर गेली, तेव्हा त्यांची तान्ही लेकरं कुणाकडं होती?

मी आपाकडं होतो. आपा नऊ वर्षांची, तिसरीत शिकणारी. कामाच्या जागेजवळ एका बाभळीला झोळी बांधलेली असायची. झोळीत मी नाहीतर तिच्या कडेवर मी. दोन वर्षांचं पोर दहा-अकरा किलोचं असतं, म्हणजे भरलेल्या कळशीएवढं. कळशी निदान घरी येऊन खाली ठेवता येते. मला दिवसभर खाली ठेवायची सोय नव्हती. भोवती फुटलेल्या खडीच्या कपच्या होत्या. सुकडी वाटली जायची तेव्हा आपा रांगेत उभी राहायची, तीही मला घेऊनच. दुष्काळ सरला, अब्बांचं पेटारं खाली आलं. आपा मात्र शाळेत परत गेली नाही. तोवर घरात माझ्या पाठचा भाऊ जन्मला होता.

मी बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, चार पुस्तकं छापून आली. आपाला सही येते.

माप चुकू नये म्हणून काही लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंनी बालगृह काढलं. तिथं लहान मुलं हात धुणं, झाडणं, पुसणं, मांडामांड अशी घरातलीच कामं करत. त्यासाठी टेबल-खुर्च्या आणि झाडूसुद्धा मुलांच्या हाताच्या मापाचे. हा विचार आपल्याकडं आणणाऱ्यांत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक होत्या. ताराबाईंची थोरवी पुढं दिसली. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघी डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. परदेशी महागडी साधनं बाजूला सारून त्यांनी खडे, शिंपले, पानं, बिया घेतल्या. शहाणी माणसं हे करतातच. पण तिथं त्यांना आपा भेटली.

म्हणजे वारल्यांच्या मुली भेटल्या, कडेवर भावंडं घेतलेल्या. मुलगे गुरांमागं रानात. शाळा बांधली तरी येणार कोण? आपल्यासारख्यानं आईबापांना उपदेश केला असता. या बायकांनी उपदेश केला नाही. त्यांनी कडेवरचं पोर उतरवून घेतलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणल्या. ताईनं भावाला घेऊन यावं, त्याला पाळण्यात ठेवावं आणि स्वतः पाटीवर बसावं. जे गुरांमागं होते त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेले, त्या कुरणशाळा. बालवाडीसुद्धा शिक्षिकेनं मुलांच्या अंगणात जाऊन भरवायची, म्हणून अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि तो शब्द देशभर गेला.

कोसबादला हे घडलं, त्यानंतर पंधरा वर्षांनी आपा बाभळीखाली बसली होती. चांगली गोष्ट एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचायला किती वेळ घेते! २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात तरतूद आली, की कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर ती सांभाळायला एका बाईला नेमावं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. ते वाचलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, आपाची हजेरी मांडायला सरकारला तेहतीस वर्षं लागली.

आता मुलग्यांविषयी. आमच्या घरातल्या भांड्यांची गोष्ट मी सांगितली, पण एक लबाडी केली. कळशीनंतर मुलगे पाण्यातून सुटायचे. हंडा फक्त मुलींच्या वाट्याला यायचा. मी सुटलो तो थेट कर्जतच्या दादा पाटील महाविद्यालयात जाईपर्यंत. हे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी ही संस्था काढली. पुढं साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातिधर्मांची मुलं एकत्र ठेवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथं नोकरचाकर नव्हते. मुलं स्वतःच स्वयंपाक करायची, स्वतःच झाडलोट करायची. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण अभिमानानं सांगतो. मला त्याहून मोठी वाटते ती ही गोष्ट, की १९२०-३० च्या काळात शेतकऱ्यांचे मुलगे चुलीपुढं बसले आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आमच्या वेळीही 'कमवा आणि शिका' होतं. झाडांना पाणी घालणं, ग्रंथालयातली पुस्तकं पुसणं ही माझी कामं. खोलीवर आम्ही तिघं पाळीपाळीनं भाकरी थापायचो. पहिले काही दिवस माझी भाकरी नकाशासारखी व्हायची. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो तेव्हा आपा माहेरी आली होती. मी तिला उठवून बाजूला बसवलं आणि भाकरी करून वाढली. तिनं ती खाल्ली, आणि म्हणाली, "मीठ नाहीस घातलं." नंतर बराच वेळ ती चुलीकडं बघत बसली.

मुलांच्या कामाला एक दुसरंही टोक आहे. १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला परिषद बोलावली आणि हस्तोद्योगातून शिक्षण, ही नई तालीमची कल्पना मांडली. आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते झाकीर हुसेन. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा. त्यावर तेव्हाच टीका झाली, की अशानं शाळांचे कारखाने होतील. खुद्द झाकीरसाहेबांच्या अहवालातही असा इशारा आहे, की कमाईच्या नादात शिक्षक मुलांकडून नको इतकं काम करून घेतील.

हा धोका आमच्या जिल्ह्यात डोळ्यांपुढं आहे. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विख्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचं कौतुक सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी, जामखेड, शेवगाव भागातून दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची असते. फडात आईबाप ऊस तोडतात आणि कोपीवर आठ-नऊ वर्षांची पोरगी पाणी आणते, चूल पेटवते, धाकट्याला सांभाळते. विचारा, तर सांगतील, "घरचंच काम करते की." पोरांना गावात ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. ज्या पोरांना तिथं जागा मिळाली त्यांची वर्षं वाचली.

बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये बदल झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवायला बंदी. कुटुंबाला मदत करायची मुभा आहे, तीही शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. कलम वाचायला बरं आहे. पण पहाटे चारला हापशावर रांगेत उभी राहिलेली पोरगी नऊ वाजता वर्गात पेंगत असेल, तर ती शाळेच्या वेळेत मोडते की नंतरच्या?

मागच्या महिन्यात आपाकडं गेलो होतो. आता तिशी-पस्तिशीतली तिची मुलं आहेत, नातवंडं आहेत. गावात नळ आलाय, पण पाणी काही रोज येत नाही. त्या दिवशी टँकर आला. अकरा वर्षांचा नातू मोबाइल घेऊन बसला होता, नऊ वर्षांची नात वहीत काहीतरी लिहीत होती. आपानं नातवाला हाक मारली आणि त्याच्या हातात कळशी दिली. "हंडा राहू दे," ती म्हणाली, "तो तुझा अब्बा आणील." तेवढ्यात पाळण्यातलं पोर रडायला लागलं. नात सवयीनं उठली.

"तू बस," आपा म्हणाली. "लिही. त्याला मी घेते."