कमी चाललेला ट्रॅक्टर लवकर का थकतो? जवळच्या आणि संथ फेऱ्यांचा इंजिनवर होणारा परिणाम

"आमचा ट्रॅक्टर फारसा चाललेलाच नाही, गोठा ते मळा एवढंच काम," हे वाक्य आपण नेहमी ऐकतो आणि अभिमानाने सांगतोही. सकाळी वैरण, मग मजुरांची ने-आण, दुपारी औषधाचे पाण्याचे ड्रम, संध्याकाळी पुन्हा वैरण. प्रत्येक फेरी एक-दीड किलोमीटरची, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, दहा मिनिटांत इंजिन बंद. वाटते की गाडी जपून वापरली. प्रत्यक्षात या वापरात इंजिन सर्वाधिक झिजते.

मी पीक शास्त्राचा माणूस आहे, म्हणून उदाहरण पिकाचेच देतो. पिकाला रोज वरवर थोडे पाणी शिंपडले तर वरची दोन बोटे माती ओली होते, मुळे वरच राहतात आणि पहिल्याच ताणात पीक माना टाकते. इंजिनचेही तसेच आहे. रोज पाच वेळा अर्धवट तापवलेले इंजिन आतून कधीच पुरते तापत नाही. ऐन नांगरटीत पूर्ण भार आला की त्याचे दुखणे बाहेर पडते.

थंड इंजिन म्हणजे नेमके काय?

डिझेल इंजिन साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस कूलंट तापमानाला नीट काम करते. थर्मोस्टॅटही याच सुमारास उघडतो. काटा हिरव्या पट्ट्यात आला म्हणजे इंजिन तापले असे आपण समजतो, पण काटा कूलंटचे तापमान दाखवतो. चेंबरमधले ऑइल त्यानंतर बऱ्याच वेळाने तापते. हलक्या कामात पहिल्या दहा मिनिटांत ऑइल कोमटच असते. डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या भागात पहाटेचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा तर अख्खी फेरी थंड इंजिनवरच होते.

इंजिन थंड असताना पिस्टन आणि लायनरमधली फट पूर्ण बसलेली नसते, ऑइल घट्ट असते आणि डिझेल नीट जळत नाही. पुढचे नुकसान या तीन गोष्टींतून होते.

१. ऑइलमध्ये पाणी आणि डिझेल

एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन गरम असेल तर ही वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थंड इंजिनात तिचा काही भाग रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये उतरतो आणि तिथे थंड होऊन पाणी बनतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट, साईसारखा फेस दिसतो तो हाच.

न जळलेले डिझेलही लायनरवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. पाणी, काजळी आणि खराब ऑइल एकत्र आले की चेंबरच्या तळाशी काळा चिखल साचतो व ऑइलची गाळणी तुंबते. देशात एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल मिळते. त्यात गंधक १० पीपीएमपर्यंतच असल्याने आम्लाचा त्रास पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. पाण्याचा आणि चिखलाचा मात्र तसाच आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. "आमचं ऑइल कमीच होत नाही" हे नेहमीच चांगले लक्षण नसते. जवळच्या फेऱ्यांच्या ट्रॅक्टरमध्ये जळालेल्या ऑइलची जागा पाणी आणि डिझेल घेतात, त्यामुळे पट्टीवरची पातळी जागेवर दिसते, कधी वाढलेलीही दिसते. मग नांगरटीच्या पहिल्या दिवशी इंजिन खरे तापते. पाणी उडून जाते, डिझेलही काही प्रमाणात उडते आणि पातळी एकाएकी खाली येते. उरलेल्या पातळ ऑइलवर पूर्ण भार पडतो आणि क्रँकची बेअरिंगे धोक्यात येतात. हंगामाच्या तोंडावर इंजिन बसते ते अनेकदा असे. दोष नांगराला दिला जातो, कारण मात्र वर्षभराच्या वैरणीच्या फेऱ्यांत असते.

२. कार्बन आणि लायनरवरची चकाकी

कमी तापमानात आणि कमी भारावर डिझेल अर्धवट जळते. नोझलच्या टोकावर, व्हॉल्व्हवर आणि रिंगांच्या खाचांत कार्बन बसतो. रिंगा अडकल्या की दाब सुटतो, ब्रीदरमधून धूर येतो आणि ऑइल खाल्ले जाते. लायनरवर ऑइल धरून ठेवणाऱ्या बारीक रेषा असतात. फार काळ भाराविना चाललेल्या इंजिनात त्या भरून जातात आणि लायनर आरशासारखा गुळगुळीत होतो. मग रिंगा नीट बसत नाहीत. सायलेन्सरच्या जोडातून काळे, चिकट, ओले थेंब गळू लागले तर इंजिन सतत थंड व हलके चालत आहे असे समजावे.

३. बॅटरी

प्रत्येक सेल्फला बॅटरीतून मोठा विद्युतप्रवाह जातो. संथ फेरीत अल्टरनेटर हळू फिरतो, त्यात दिवे लागलेले असतात, म्हणून गेलेला चार्ज पूर्ण भरून येत नाही. अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो नंतर सहज निघत नाही. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी मीटरने व्होल्टेज मोजावे. १२.६ किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. वारंवार १२.४ च्या खाली दिसत असेल तर चार्जर लावावा. नवी बॅटरी घ्यायची घाई करू नये.

४. क्लच आणि ब्रेक

मजूर चढ-उतार करताना, बांधावरून वळताना पाय क्लचवर ठेवून ट्रॅक्टर सरकवत नेण्याची सवय अनेकांना असते. अर्ध्या क्लचवर प्लेट घासत राहते. शेतात तासभर नांगरताना क्लच मोजक्या वेळा दाबला जातो, पण दहा मिनिटांच्या फेरीत तो त्याहून जास्त वेळा दाबला जाऊ शकतो. पाय पायदानावर ठेवावा आणि वेग गिअरने कमी करावा.

तासांचे मीटर काय सांगत नाही

अनेक जुन्या ट्रॅक्टरवर तासांचे मीटर इंजिनच्या फेऱ्यांशी जोडलेले असते. ते ठरावीक आरपीएमला खरा तास मोजते. समजा ते १५०० आरपीएमला जुळवलेले आहे आणि तुम्ही १००० वर चालवता, तर तासभरात मीटर चाळीसच मिनिटे पुढे जाईल.

आता हिशेब करा. रोज दहा मिनिटांच्या पाच फेऱ्या म्हणजे महिन्याला २५ तास, वर्षाला ३०० तास. मीटर दाखवेल २००. वर्षभरात सेल्फ मात्र १८०० वेळा मारला जाईल. अशा वेळी मीटरवर अवलंबून ऑइल बदलले तर ते उशिराच बदलले जाते. मॅन्युअलमध्ये तास आणि महिने असे दोन्ही दिलेले असतील तर जे आधी येईल ते धरावे. फक्त जवळच्या फेऱ्या असतील तर दिलेल्या तासांच्या निम्म्यावर ऑइल व फिल्टर बदलणे शहाणपणाचे. चार-सहा लिटर जादा ऑइलचा खर्च इंजिन उघडण्यापेक्षा नेहमीच कमी असतो.

बीएस-६ पिकअप आणि नवे मोठे ट्रॅक्टर

बीएस-६ डिझेल पिकअपमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी जादा डिझेल वापरून धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळते. त्यासाठी गाडी सलग चालावी लागते. गाव ते बाजार समिती पाच-सहा किलोमीटर आणि दर वेळी मध्येच इंजिन बंद, असे झाले तर हे काम अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो आणि जादा सोडलेले डिझेल अनेक गाड्यांत ऑइलमध्ये उतरते.

डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे, साधारण २० ते ३० मिनिटे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. ५० एचपीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन नियम लागू आहेत. त्यातील काही मॉडेलमध्येही असा फिल्टर असतो. आपल्या ट्रॅक्टरमध्ये आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावे. फिल्टर गरम होत असताना धुराची नळी फार तापते, म्हणून कडबा, पाचट किंवा वाळल्या गवताजवळ गाडी उभी करू नये.

काय करावे?

- फेऱ्या एकत्र करा. वैरण, ड्रम आणि खत एकाच खेपेत किंवा लागोपाठच्या खेपांत आणावे. अर्ध्या तासाच्या आत सुरू केलेले इंजिन गरमच असते. पाच थंड सुरुवातींच्या जागी एकच होते.
- आठवड्यातून एकदा घाम काढा. सलग ४५ मिनिटे ते एक तास भाराचे काम द्यावे. रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर किंवा भरलेली ट्रॉली चालेल. काटा हिरव्या पट्ट्यात आल्यावरही काम पुढे चालू ठेवावे, म्हणजे ऑइलमधले पाणी उडून जाते.
- उभ्याने तापवू नका. घरासमोर पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवून डिझेल इंजिन नीट तापत नाही, उलट कार्बन वाढतो. सुरू झाल्यावर ऑइलच्या दाबाचा दिवा विझला की अर्ध्या-एक मिनिटात हलक्या भारावर निघावे आणि तापेपर्यंत रेस जोरात दाबू नये.
- थर्मोस्टॅट काढू नका. इंजिन गरम होते म्हणून तो काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने इंजिन कायमचे थंड चालते. गरम होण्याचे खरे कारण रेडिएटरची जाळी, पंख्याचा पट्टा किंवा कूलंटमध्ये शोधावे.
- पट्टी पाहा, वासही घ्या. दर आठवड्याला सपाट जागेवर ऑइल तपासावे. पातळी वाढली असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर हंगामापूर्वीच ऑइल बदलावे. ऑइल दुधासारखे झाले असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा लायनरच्या सीलची गळती असू शकते. ट्रॅक्टर न चालवता मेस्त्रीला दाखवावा.
- हंगामापूर्वी ऑइल बदला. पेरणीपूर्व मशागतीला ट्रॅक्टर नव्या ऑइलवरच उतरवावा.
- छोट्या कामाला छोटे साधन. दोन पेंढ्यांसाठी ट्रॅक्टर काढू नये. हातगाडी, सायकल किंवा बैलगाडी पुरते. रोज एक सेल्फ वाचला तरी वर्षाला ३६५ वाचतात.

जुना ट्रॅक्टर घेताना

"दहा वर्षांचा आहे, पण तास कमी" असा ट्रॅक्टर समोर आला की तास पाहून भाव ठरवू नका. तो कुठे आणि कशासाठी चालला हे विचारा. सकाळी, इंजिन गार असतानाच पाहायला जा. आधीच तापवून ठेवलेला ट्रॅक्टर बरेच काही लपवतो. ऑइलच्या झाकणाखाली फेस, सायलेन्सरच्या जोडावर ओल, ब्रीदरमधला धूर या तीन जागा पाहा. मग रोटाव्हेटर लावून अर्धा तास चालवा आणि ऑइलची पातळी पुन्हा तपासा. नियमित नांगरलेला, वेळेवर ऑइल बदललेला जास्त तासांचा ट्रॅक्टर हा गोठ्यापुरता फिरलेल्या कमी तासांच्या ट्रॅक्टरपेक्षा अनेकदा चांगला निघतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी यांत्रिकीकरणाच्या मेळाव्यात "किती तास झाले?" याबरोबर "दिवसातून किती वेळा सुरू करता?" हाही प्रश्न विचारावा. पुढचा सल्ला याच उत्तरावरून ठरवता येतो.