फॅरडे बोलायला शिकला

1813 च्या जून महिन्यात मायकेल फॅरडे आपल्या बेंजामिन ॲबट या मित्राला एकामागून एक पत्रं लिहीत होता. विषय एकच: व्याख्यान कसं द्यावं. फॅरडे तेव्हा 21 वर्षांचा होता. लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून लागून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. लोकांपुढे उभं राहून त्याने अजून एकही व्याख्यान दिलेलं नव्हतं. पण त्याने ऐकलं मात्र खूप होतं, आणि तेही कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवून.

लोहाराच्या घरात जन्मलेल्या या मुलाचं शाळेतलं शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतं आणि हिशेबापुरतं. पुढे सात वर्षं तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. संध्याकाळी जॉन टेटम यांची विज्ञानावरची व्याख्यानं असत. एका व्याख्यानाला एक शिलिंग लागायचं आणि ते थोरला भाऊ द्यायचा. 1812 मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधले रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने त्यांची टिपणं काढली, ती आकृत्यांसह नीट उतरवली, स्वतःच्या हाताने त्यांची वही बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. पुढच्या मार्चमध्ये तो त्यांच्या हाताखाली रुजू झाला. दुसऱ्यांच्या व्याख्यानांसाठी उपकरणं मांडायची, प्रयोग चालू असताना शेजारी उभं राहायचं, नंतर सगळं आवरायचं, हे त्याचं काम. बोलणारा आणि ऐकणारे यांच्यामध्ये नेमकं काय घडतं, हे न्याहाळायला याहून चांगली जागा नव्हती.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं तयार करताना या पत्रांमधला एकेक मुद्दा माझ्या उपयोगी पडला, म्हणून त्यांच्याविषयी मला फार आपुलकी आहे. फॅरडे सुरुवात वक्त्यापासून करतच नाही. तो आधी दालन बघतो. हवा खेळती आहे का? लोकांना सुखाने आत-बाहेर करता येतं का? आंबलेल्या हवेत बसलेल्या माणसाचं लक्ष टिकणार नाही, मग वक्ता कितीही विद्वान असो. त्यानंतर तो टेबलाकडे येतो. उपकरण शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे. एका उपकरणाने दुसरं झाकलं जाऊ नये, वक्त्यानेही कशाच्या आड येऊ नये. आकृत्या आणि तक्ते हवेतच. वक्त्याचं बोलणं संथ आणि स्वच्छ असावं, श्रोत्यांकडे त्याने पाठ करू नये. सगळं तासाभरात आटपावं. आणि टाळ्यांसाठी पदर पसरू नये. त्याने वक्त्याची पायरी घसरते, असं या मदतनीस मुलाने ठामपणे लिहून ठेवलं आहे.

तालुक्याच्या प्रदर्शनात पोरं परीक्षकांकडे पाठ करून थर्माकोलच्या फलकावरचा मजकूर घडाघडा वाचत. मी फलक काढून घ्यायची आणि म्हणायची, ‘बाळा, आता वायर हातात घे आणि मला सांग.’ हातात वस्तू आली की आवाज उतरायचा, नजर वर यायची आणि मूल आपल्या शब्दांत बोलू लागायचं.

पत्रं लिहून फॅरडे थांबला नाही. जानेवारी 1816 मध्ये त्याने सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत पहिलं व्याख्यान दिलं. तिथे जमणारी मंडळी त्याच्यासारखीच, दिवसभर काम करून रात्री शिकणारी. 1818 मध्ये त्याने बी. एच. स्मार्ट या वक्तृत्वशिक्षकाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि त्याचीही भरपूर टिपणं काढली. पुढे तो नावारूपाला आला, तेव्हा याच स्मार्टना त्याने आपल्या व्याख्यानाला बसवलं आणि उणिवा दाखवायला सांगितलं. एडवर्ड मॅग्रथ हा मित्रही समोर बसायचा. फॅरडेचा वेग वाढला की तो ‘सावकाश’ असं लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड वर धरायचा.

फॅरडेने स्वतःला घालून घेतलेले नियम थोडे आहेत. वाक्य पुन्हा म्हणायचं नाही. मागे जाऊन दुरुस्ती करायची नाही. शब्द सुचला नाही तर ‘अं... अं’ करत बसायचं नाही. थांबायचं आणि शब्द येऊ द्यायचा. दुसऱ्याने दाखवलेल्या चुकीवर शंका घ्यायची नाही. या शेवटच्या नियमात मला त्याची सगळी साधना दिसते. प्रयोगात निसर्ग जे दाखवील ते मान्य करणारा हा माणूस बोलण्याच्या बाबतीतही तसाच वागला: समोरच्याने जे ऐकलं तेच खरं.

1825 च्या सुमाराला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारची सायंव्याख्यानं आणि मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. हे दोन्ही प्रघात आजही चालू आहेत, आणि ते रुजले फॅरडेमुळे. 1827 ते 1860 या काळात नाताळच्या 19 व्याख्यानमाला त्याने दिल्या. टेबलाभोवती अर्धवर्तुळात चढत गेलेल्या बाकांवर मुलं बसायची आणि खाली हा माणूस चुंबकाची ताकद दाखवायला कोळशाने भरलेली बादली, सळई आणि चिमटा विद्युतचुंबकावर फेकायचा. सगळं तिथेच चिकटून राहायचं. सूत्राचा एकही आकडा न उच्चारता मुलांना चुंबकाचं बळ कळायचं.

त्याची सगळ्यात नावाजलेली माला मेणबत्तीवरची. सहा व्याख्यानं, वस्तू एकच, तीही प्रत्येक घरातली. वितळलेलं मेण वातीतून वर कसं चढतं, ज्योतीच्या कोणत्या भागात काय असतं, जळताना पाणी कसं तयार होतं, इथून निघून तो हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडपर्यंत जायचा. शेवटी मुलांना कळायचं, की आपला श्वास आणि मेणबत्तीचं जळणं यांत एकच रसायन आहे. 1860-61 च्या नाताळातली ही व्याख्यानं विल्यम क्रुक्स यांनी पुस्तकरूपाने आणली. ते पुस्तक अजून छापलं जातं आणि वाचलंही जातं.

एप्रिल 1846 मधल्या एका शुक्रवारी फॅरडेला चार्ल्स व्हीटस्टन यांच्या कालमापक यंत्राविषयी बोलायचं होतं. सांगायचं ते लवकर संपलं. उरलेल्या वेळात त्याने मनात घोळत असलेली एक कल्पना मांडली: प्रकाश म्हणजे बलरेषांचं कंपन तर नसेल? पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1865 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नमूद केलं, की प्रकाशाचा आपला विद्युतचुंबकीय सिद्धान्त सारतः फॅरडेचाच आहे. वर्षानुवर्षं तासाचं गणित सांभाळलेल्या माणसालाच मोकळी मिळालेली मिनिटं अशी वापरता येतात.

आज शाळेपासून कचेरीपर्यंत सगळ्यांनाच प्रेझेंटेशन द्यावं लागतं, आणि ‘मला बोलता येत नाही’ असं हुशार मुलं निमूटपणे मान्य करून टाकतात. त्यांना मी फॅरडे सांगते. त्याच्यापाशी घराणं नव्हतं, पदवी नव्हती, गणितही बेताचंच होतं. जन्मजात वक्ता म्हणून पुढे लोकांनी त्याला वाखाणलं, पण या वाखाणणीत त्याची मेहनत झाकली जाते. त्याने दालनापासून कार्डापर्यंत प्रत्येक गोष्ट ऐकणाऱ्याच्या बाजूने तपासली. समोरच्याने आपल्याला दिलेला तास वाया जाता कामा नये, एवढी काळजी ज्याला वाटते, त्याला बोलणं शिकता येतं.