एका रासायनिक नियमाचीं चौसष्ट वर्षें

दोन द्रव्यें एकत्र केलीं असतां तिसरें कोणतें निर्माण होईल, हें प्रयोगापूर्वींच सांगतां यावें, ही रसायनशास्त्रज्ञांची फार जुनी आकांक्षा. सेंद्रिय रसायनांत ती सफल होणें विशेष कठीण. कारण तेथें तेच परमाणु निरनिराळ्या रीतींनीं जोडले जाऊन भिन्न गुणांचे पदार्थ बनतात.

प्रोपिलीन वायूचेंच उदाहरण घ्या. त्याच्या तीन कर्ब-परमाणूंपैकीं दोहोंमध्यें दुहेरी बंध असतो. हायड्रोजन ब्रोमाइडशीं संयोग होतांना तो बंध सैल होऊन एका कर्बाला हायड्रोजनचा व दुसऱ्याला ब्रोमीनचा परमाणु मिळतो. पण कोणाच्या वाट्याला काय? १८६९ सालीं रशियांतील काझान येथें बुतलेरोव्ह यांचे शिष्य व्लादिमिर मार्कोव्हनिकोव्ह यांनीं आपल्या प्रबंधांत उत्तर दिलें: ज्या कर्बापाशीं हायड्रोजन अगोदरच अधिक, त्यालाच नवा हायड्रोजन मिळतो. पैशाकडे पैसा जातो म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार!

पुढें मात्र या नियमावर बालंट आलें. अलाइल ब्रोमाइडवर हाच प्रयोग केला असतां कोणाला नियमाप्रमाणें, तर कोणाला नेमका उलट पदार्थ मिळे. एका प्रश्नाचीं दोन उत्तरें! नियमच लहरी ठरला, तर शास्त्रीय भाकित आणि अंदाजपंचे कारभार यांत भेद तो काय उरला?

शिकागो विद्यापीठांतील मॉरिस खराश व फ्रँक मेयो यांनीं १९३३ सालीं हें कोडें उकललें. दोष हवेचा होता. हवेंतील प्राणवायूमुळें साठवलेल्या अलाइल ब्रोमाइडांत पेरॉक्साइड नांवाचीं द्रव्यें अल्प प्रमाणांत उत्पन्न होत, आणि तेवढ्यानें क्रियेची वाटच बदले. हवा व पेरॉक्साइड कटाक्षानें दूर ठेवतांच क्रिया संथ झाली, पण नियम पुनः खरा ठरला.

कारणही पुढें स्पष्ट झालें. नेहमींच्या क्रियेंत हायड्रोजन आधीं येतो, पेरॉक्साइड असतां ब्रोमीन. आणि जो आधीं येतो, तो टोंकाच्या कर्बावर जागा पटकावतो. हायड्रोजन क्लोराइडच्या बाबतींत असा पालट सहसा घडत नाहीं.

अपवादाचें कारण हातीं आलें, तसा तो उपयोगाचाही झाला. पेरॉक्साइड घालावें कीं टाळावें, एवढ्या निवडीनें एकाच कच्च्या मालापासून हवा तो पदार्थ मिळूं लागला. चौसष्ट वर्षांनीं नियम मोडला नाहीं. त्याची हद्द तेवढी कळली.