उजेडाचा हिशेब



आषाढातली दुपार आहे. पाऊस थोडा उघडला आहे, ऊन लख्ख पडलं आहे. पालखीच्या वाटेवर समोरून एक वयस्कर वारकरी येताहेत. अंगात पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर पांढरी टोपी आणि शेतात आयुष्य काढलेल्या माणसाचा असतो तसा उन्हानं रापलेला चेहरा. ‘बाबा, एक फोटो काढू का?’ असं विचारून तुम्ही मोबाइल समोर धरता आणि बटण दाबता. फोटोत सदऱ्याची चुणी न् चुणी दिसते. चेहरा मात्र काळवंडलेला. डोळे कुठे आहेत ते शोधावं लागतं. मग तुम्ही पडद्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बोट टेकवता आणि पुन्हा फोटो काढता. आता चेहरा उजळतो, कपाळावरचं गंध दिसतं, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या दिसतात. पण टोपी आणि सदरा पांढरे फटफटीत होऊन मागच्या आभाळात मिसळून जातात.

या दोन फोटोंपैकी बरोबर कुठला?

कॅमेऱ्यात किती उजेड जाऊ द्यायचा, याला फोटोग्राफीत एक्स्पोजर म्हणतात. उजेड आवरण्याच्या किल्ल्या दोन. शटर किती वेळ उघडं राहतं ही एक आणि भिंगाचं छिद्र किती मोठं आहे ही दुसरी. तिसरा आकडा आयएसओचा. रोलच्या जमान्यात तो फिल्मची संवेदनशीलता सांगत असे. डिजिटल कॅमेऱ्यात मिळालेला संदेश किती वाढवून घ्यायचा, हे तो ठरवतो. एवढं समजलं की तंत्र समजलं. तरीही वारकरीबाबांच्या फोटोचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो फोटोग्राफीइतकाच जुना आहे.

सुरुवातीला प्रश्न एवढाच होता, की किती वेळ थांबायचं? फ्रान्समध्ये निसेफोर नीएप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य डांबराचा लेप दिलेल्या धातूच्या पत्र्यावर उतरवलं. कॅमेऱ्यानं घेतलेलं, आज टिकून असलेलं हे सर्वांत जुनं चित्र. त्याला निदान आठ तास लागले असावेत, असं पूर्वी मानत. काही दिवस लागले असावेत, असं नंतरच्या अभ्यासकांना वाटतं. एवढ्या वेळात सूर्य एका बाजूनं दुसरीकडे गेला. त्यामुळे त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं.

पुढं लुई दागेर यांनी हा वेळ काही मिनिटांवर आणला. १८३८ साली त्यांनी पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं. चित्रात रस्ता ओस पडलेला आहे. घोडागाड्या, पादचारी, फेरीवाले, सगळे हलत होते म्हणून कुणाचाच ठसा उमटला नाही. फक्त एक माणूस दिसतो. तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. कॅमेऱ्यानं टिपलेला, आपल्याला माहीत असलेला हा पहिलाच माणूस. त्याच्याजवळ पॉलिश करणाऱ्याची आकृती अंधुक आहे, कारण त्याचे हात चालू होते. कामात असलेला पुसट झाला आणि थांबू शकणारा उमटला. कॅमेऱ्याच्या हिशेबात कोण दिसणार आणि कोण नाही, ही निवड तेव्हापासून सुरू झाली.

मुंबईत हे वेड फार लवकर पोचलं. १८५४ साली इथं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळात फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांची १८५१ची ओल्या काचेची पद्धत पसरू लागली होती. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लेपातलं ईथर भराभर उडून जाई. कॅमेऱ्याला शटर नसे. फोटोग्राफर भिंगावरची टोपी काढत, मनात आकडे मोजत आणि टोपी पुन्हा बसवत. मापायला कुठलंही यंत्र नव्हतं. डोळा, अनुभव आणि वाया गेलेल्या काचा हेच त्यांचे गुरू.

या काचांची एक खोड होती. निळा उजेड त्यांना लगेच दिसे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे जमीन नीट आली, की आभाळ कोरं पांढरं होई. आभाळातले ढग पकडायला गेलं, की खालचं सगळं काळं. फ्रान्सच्या ग्युस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास यावर तोड काढली. काही समुद्रचित्रांसाठी त्यांनी आभाळ एका काचेवर घेतलं, समुद्र दुसऱ्या काचेवर घेतला आणि दोन्ही जोडून एकच चित्र छापलं. लोक थक्क झाले. आजचा मोबाइल क्षणार्धात अनेक फ्रेम घेऊन त्यांची एक करतो, त्याचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही. एका एक्स्पोजरमध्ये सगळं जग मावत नाही, ही कबुली मात्र दोघांचीही सारखीच.

उजेडाचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते इंग्लंडमधल्या दोन हौशी फोटोग्राफरांनी. फर्डिनंड हर्टर हे रसायनशास्त्रज्ञ आणि व्हीरो ड्रिफिल्ड हे इंजिनिअर. दोघंही कारखान्यात नोकरीला. अंदाजानं काचा वाया घालवण्याचा त्यांना कंटाळा आला होता. कमी-जास्त उजेड दिलेल्या काचा धुऊन प्रत्येकीवर किती काळेपणा येतो, ते त्यांनी मोजलं आणि १८९० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या आलेखाचा आकार लांबवलेल्या इंग्रजी ‘एस’सारखा होता. अगदी कमी उजेडाला काच दाद देत नाही. मधल्या टप्प्यात ती प्रामाणिकपणे वागते. आणि उजेड फार झाला, की हळूहळू थकत जाते. उजेडाचा हिशेब आता कागदावर आला.

१९३०च्या दशकात हातात मावणारे विजेचे लाइट मीटर बाजारात आले. १९३८ साली कोडॅकनं तर एक्स्पोजर आपोआप ठरवणारा कॅमेराच आणला. आता माणसाला विचार करायची गरज नाही, असं वाटू लागलं. पण मीटरला काय कळतं? समोरून किती उजेड परत येतोय एवढंच. समोर माणूस आहे की भिंत, हे त्या साध्या मीटरला ठाऊक नसे. सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करडी येते, असं धरून तो आकडा सांगे. काळ्या म्हशीनं चौकट भरली, तर हा मीटर तिला करडी करणार. पांढऱ्या बगळ्यानं भरली, तर त्यालाही करडा करणार. म्हशीच्या पाठीवर बगळा बसला असेल, तर निर्णय शेवटी कॅमेऱ्यामागच्या माणसालाच घ्यावा लागे.

हा निर्णय कसा घ्यावा, याची शिस्त अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४०च्या आसपास फ्रेड आर्चर यांच्या साथीनं घालून दिली. दृश्यातल्या उजेडाचे त्यांनी ठार काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत टप्पे पाडले. कुठली वस्तू कुठल्या टप्प्यावर दिसायला हवी, ते आधी मनाशी ठरवायचं आणि मग एक्स्पोजर द्यायचं.

या शिस्तीची परीक्षा १९४१च्या नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी झाली. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावापाशी अ‍ॅडम्स यांना उगवलेला चंद्र आणि मावळतीच्या उन्हात चमकणारे दफनभूमीतले क्रूस दिसले. घाईघाईत कॅमेरा लावला, पण मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते, हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून त्यांनी तोंडी हिशेब केला आणि एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. दुसरी फ्रेम घेण्याआधीच क्रूसांवरचं ऊन गेलं. त्या एकाच निगेटिव्हवरून पुढं जगप्रसिद्ध फोटो छापला गेला.

पण ‘बरोबर’ फोटो कुणासाठी बरोबर, हा प्रश्न अजून कुणी मोठ्यानं विचारला नव्हता. रंगीत फोटो आले तेव्हा १९५०च्या दशकापासून फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅककडून नमुन्याचं एक कार्ड मिळू लागलं. त्यावर गोऱ्या तरुणीचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा नीट दिसली, की यंत्र बरोबर लागलं. फिल्मची रसायनंही तशाच त्वचेला अनुरूप होती. गोरी आणि काळी मुलं एका बाकावर बसली, की काळ्या मुलाच्या चेहऱ्यावरचे बारकावे हरवत. लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी या प्रकरणाचा शोध घेतला. त्यांना कोडॅकच्या जुन्या मंडळींनीच सांगितलं, की गडद छटा सुधारण्याचा रेटा आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. जाहिरातीत दोन लाकडांतला फरक दिसत नव्हता, म्हणून! माणसांच्या चेहऱ्यांसाठी तोवर एवढी घाई कुणाला नव्हती.

आपल्याकडच्या स्टुडिओत आरशापाशी कंगव्याबरोबर पावडरचा डबा ठेवलेला असे, तो आठवा. फोटोत चेहरा काळा येतो, याचा दोष आपण वर्षानुवर्षं चेहऱ्याला देत आलो. दोष हिशेबाचाही होता, हे फार थोड्यांना माहीत होतं.

आता डिजिटलकडे येऊ. उजेडाचं विजेत रूपांतर करणाऱ्या सीसीडी या चकतीची कल्पना १९६९ साली विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना सुचली. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं अशी चकती वापरून साडेतीन किलोंहून जड असा डिजिटल कॅमेरा जुळवला. चित्र अवघं दहा हजार ठिपक्यांचं. ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत.

फिल्म आणि सेन्सर यांच्या स्वभावात एक मोठा फरक आहे. हर्टर-ड्रिफिल्ड यांच्या आलेखात उजेड वाढला, की फिल्म हळूहळू थकते. सेन्सर तसा थकत नाही, तो भरतो. पागोळ्यांखाली मांडून ठेवलेली भांडी समजा. भांडं काठोकाठ भरलं, की पुढचं पाणी वाहून जातं आणि किती वाहिलं याची नोंद राहत नाही. तो ठिपका कोरा पांढरा. नंतर संगणकावर कितीही खटपट केली, तरी वारकरीबाबांच्या सदऱ्याची चुणी तिथून परत येत नाही. भांड्यात चारच थेंब पडले, तर अडचण वेगळी. थोडं काहीतरी असतं, पण ते उजळवायला गेलं, की रवाळ ठिपके दिसू लागतात. म्हणून निगेटिव्ह फिल्मच्या काळात जाणकार सांगत, की सावलीला पुरेसा उजेड द्या. डिजिटलमध्ये आधी उजळ भाग सांभाळावा लागतो.

यासाठी डिजिटल कॅमेऱ्यानं एक नवं साधन दिलं, ते म्हणजे हिस्टोग्राम. चित्रातले काळे ठिपके किती, करडे किती, पांढरे किती, हे तो छोट्या आलेखात दाखवतो. आलेख उजव्या कडेला आदळून चढला असेल, तर भांडी वाहायला लागली म्हणायची. २००३ साली मायकल राइकमन या कॅनडातल्या फोटोग्राफरनं एक सल्ला लोकप्रिय केला: आलेख उजवीकडे जाऊ द्या, पण कडेला आदळू देऊ नका. जितका जास्त उजेड साठेल, तितका रवाळपणा कमी. रॉ फाइल घेणाऱ्यांना हा सल्ला आजही उपयोगी पडतो. आणि फोटो काढल्या काढल्या निकाल समोर दिसतो, चुकला तर पुन्हा काढता येतो. अ‍ॅडम्स यांना त्या संध्याकाळी ही चैन नव्हती.

मोबाइलनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. तो चेहरा ओळखतो, अनेक फ्रेम जोडतो, सावल्या उजळवतो. गडद त्वचा खरी दिसावी म्हणून गूगलनं २०२१ साली आपल्या फोनमध्ये खास सुधारणा केल्या. शर्ली कार्डाची चूक दुरुस्त करण्याचाच हा प्रयत्न. तरीही यंत्राला ‘चांगलं काय’ हे कुणीतरी शिकवलेलं असतं, हे विसरून चालणार नाही. कधीकधी तेच यंत्र रापलेला चेहरा नको इतका गोरा करून ठेवतं आणि आपण त्याला फोटो छान आला म्हणतो.

तर मग वारकरीबाबांच्या फोटोचं काय? शक्य असेल, तर त्यांना दोन पावलं झाडाच्या सावलीत बोलवा. उजेडातली तफावत कमी झाली, की सदरा आणि चेहरा दोन्ही सापडतात. ते जमत नसेल, तर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि सदऱ्याची थोडी चुणी दिसेपर्यंत उजेड किंचित कमी करा. तेही साधलं नाही आणि काहीतरी गमवावंच लागलं, तर सदरा जाऊ द्या. तो फोटो बरोबर ठरेल, कारण तुम्ही तिथं बाबांसाठी थांबला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)