बिंबाणुन्यूनता व हृदयविकाराचा झटका : उपचार

रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) कमी असलेल्या रुग्णाला हृदयविकाराचा झटका आल्यास रक्तवाहिनी मोकळी करणे व रक्तस्राव टाळणे ही दोन्ही उद्दिष्टे सांभाळणारी उपचारपद्धती. रक्ताच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये साधारणतः १.५ ते ४.५ लाख बिंबाणू असतात. प्रतिरक्षाविकार, रक्ताचा कर्करोग, रसायनोपचार, डेंग्यू (→ डेंग्यू) किंवा हेपारिनसारखी औषधे यांमुळे ती संख्या घटते. मात्र संख्या घटली तरी हृद्‌रोहिणीत गुठळी होण्याचा धोका टळत नाही.

अमेरिकेतील एससीएआय या हृद्‌रोगतज्ज्ञ संघटनेच्या, कर्करोगी रुग्णांविषयीच्या २०१६ मधील मतैक्यपत्रानुसार बिंबाणू १०,००० हून अधिक असल्यास ॲस्पिरिन, तर ३०,००० ते ५०,००० च्या दरम्यान असल्यास त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल देता येते. ५०,००० च्या खाली प्रासुग्रेल व टिकाग्रेलोर ही अधिक प्रभावी औषधे वर्ज्य मानली जातात. धमनीचित्रण (→ अँजिओग्राफी) शक्यतो मनगटातील धमनीतून करतात, हेपारिनची मात्रा कमी ठेवतात, जठरातील रक्तस्राव टाळण्यासाठी आम्लरोधक देतात आणि स्टेंट (→ अँजिओप्लास्टी) बसविल्यास ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही दोन्ही औषधे एकत्र देण्याचा काळ कमी ठेवतात. न्यूनता हेपारिनजन्य असल्यास हेपारिन तत्काळ थांबवून बायव्हॅलिरुडिन किंवा अर्गॅट्रोबान वापरतात.

अशा रुग्णांना औषधचाचण्यांतून बहुधा वगळले जात असल्याने वरील मर्यादा प्रामुख्याने तज्ज्ञमतावर आधारलेल्या आहेत. त्यामुळे हृद्‌रोगतज्ज्ञ व रक्तविकारतज्ज्ञ यांचा संयुक्त निर्णय आवश्यक ठरतो (→ रक्तक्लथन).